गुडघ्यांची चौकशी करणाऱ्याला काहीही नाही

मी, खाली सही करणारा, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात घालवलेला म्हातारा, डोके ठिकाणावर असताना आणि कुणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवतो. अक्षर थरथरते ते वयाने, भीतीने नव्हे.

राहते घर मुलगा व मुलगी यांचे, निम्मे निम्मे. खिडकीजवळची हिची खुर्ची मात्र मुलीची. मुलाने त्यावर तोंड उघडू नये. आईला धरून दवाखान्यात तीच नेत असे.

दवाखान्याची बस बंद केली, तेव्हा आम्ही ज्येष्ठांचा संघ काढला. मागणी एकच, बस सुरू करा. वस्तीत निम्मी मते पिकल्या केसांची, म्हणजे निवडून आलेले साहेब आमच्या मुठीत, असा आमचा समज.

साहेब भेटायला यायचे. दारातूनच, "काका, गुडघे काय म्हणतात?"

झाले! आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे हातातला माईक न सोडणाऱ्या माईकरावांनी, गुडघे सांगितले, शिंपीणबाईंनी कंबर, मी मान. चहा संपला, साहेब उठले. "जपा हं, मावशी!" गाडी वळल्यावर ही म्हणाली, "अहो, बसचं कुणी बोललं का?" दर निवडणुकीला हेच.

शेवटी मी मागणी मोठ्या पाटीवर रंगवली. साहेब म्हणाले, "काका, काय अक्षर आहे हो तुमचं!" पाटीशेजारी फोटो काढून घेतला. प्रचारात तोच फोटो आला, पाटी कापून. खाली, 'ज्येष्ठांचा भक्कम पाठिंबा'. माईकरावांना साहेबांच्या समितीवर खुर्ची मिळाली. ही गेली ती त्या बंद थांब्यावर, रिक्षाची वाट बघत.

ब्रश आणि रंग सुनेला, तिचा हात सफाईदार आहे. ती पाटी पांढरी करून तिने शिकवणीला वापरावी. 'बस' फार जाड रंगवले आहे, दोनदा रंग द्यावा लागेल.

माझे कानातले यंत्र माईकरावांना. बोलून भरपूर झाले, आता ऐकावे.

संघाला काही नाही. साहेबांना तर नाहीच.

साहेब सांत्वनाला येतील. मुलाने त्यांना बसचे विचारावे, ही माझी शेवटची इच्छा. पण ते दारातून "दादा, जेवलास का रे?" म्हणतील, आणि हा विरघळेल. रक्त माझेच. म्हणेल, "बसा ना, साहेब." बसचा उल्लेख होईल तो एवढाच.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: मतदानाचा आदला दिवस

(सही) पाटीवाला

समक्ष सह्या करणारे साक्षीदार:
१. औषधांचे दुकानदार
२. शिंपीणबाई (कंबरेमुळे बसून सही केली)