आपल्या गावाचा क्रम कोणत्याच यादीत नव्हता

सवाई बेट, सामोआ, सोमवार

प्रिय मालाकीदादा,

देवाच्या कृपेने इथे सगळे ठीक, फक्त आई रोज विचारते, मालाकीचं पत्र आलं का. ऑकलंडच्या थंडीत तुझा गुडघा कसा आहे? आबांना जाऊन दोन वर्षं झाली, त्यांचं मताईपद, आपल्या घराण्याचं प्रमुखपद, अजून रिकामं आहे आणि तू येणार की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. (मी काही म्हणत नाही.)

आपल्या दवाखान्यात नवा सर्व्हर आला आणि गावातली एकुलती एक पदवीधर म्हणून तो मी बसवला. त्याने विचारलं, नावं कोणत्या भाषेच्या क्रमाने लावू? यादीत आइसलँडसुद्धा होतं (तिथे आपलं कोण आहे?), पण सामोआ नव्हता. शाळेत आपण आधी सगळे स्वर म्हणायचो, तो क्रमही नव्हता. मग मी आपोआप निवडलेली इंग्रजी तशीच ठेवली. मनात म्हटलं, यंत्रापुढे सगळे समान! लसीकरणाच्या दिवशी मी मोठ्या अभिमानाने यादी वाचली. पहिला आला अलापाती, जो अजून सभाघरात पेले वाटतो; आणि ज्यांना सभेत कावाचा पहिला, मानाचा पेला मिळतो ते गावप्रमुख तुइला शेवटून तिसरे. सभेत त्यांच्या वतीने बोलणारे वक्ते लेमापु काठी टेकत उठले, "पोरी, तुझ्या पेटीला माणसं कळत नाहीत का?" मी म्हटलं, क्रम बदलायचा तर सगळं उपटून पुन्हा बसवावं लागेल. "मग उपट की! घर वाकडं झालं तर आम्ही काय त्यात वाकडे बसतो?"

तीन दिवस मी उपटलं आणि बसवलं, उपटलं आणि बसवलं. जगातल्या एकाही भाषेत तुइला पहिले येईनात. शेवटी लक्षात आलं, मानाच्या आकड्यांचा एक साधा रकाना पुरला असता. (पदवीचं कुणाला सांगू नकोस.) आकडे लेमापुंनी सांगितले. चौथ्या क्रमांकाला, आबांच्या जागी, ते थांबले आणि समुद्राकडे बघत राहिले. पेटीला रिकामं नाव चालत नाही, म्हणून मी तुझं लिहिलं.

सगळ्यांचा नमस्कार.

तुझी
सिएनी

ता. क. पेटीला रिकामं नाव चालतं.

ता. क. २. यादी दवाखान्याच्या दारावर लावली आहे. घराण्यात सगळ्यांनी तुझ्या नावाला होकार दिला; काकांनी यादी दोनदा वाचली आणि त्यांनीही मान डोलावली. तुझं पदग्रहण ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ठरलंय, आईने त्यासाठी मानाची चटई विणायला घेतली आहे. आता खोडायचं असेल, तर दादा, तू स्वतः येऊन खोड.