भावा, ड्रॉप्स आले!

चि. बेबीस दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे काय म्हणतात? मेहुण्यांना नमस्कार सांग. त्यांचा खोकला अजून त्यांच्या आधी घरात शिरतो का, तेही कळव. मी मजेत आहे, म्हणजे पत्रात तसं लिहायचं असतं म्हणून मजेत आहे. मोतीबिंदू काढलेला उजवा डोळा सध्या रजेवर आहे आणि डावा केव्हापासूनच अर्ध्या पगारावर काम करतो. तेव्हा ओळी वर चढत गेल्या तर सांभाळून घे.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं, ‘आजोबा, माझं काम निम्मं, उरलेलं निम्मं ड्रॉप्सचं. हयगय केलीत तर डोळा जाईल.’ (शिंप्याचा डोळा गेला की उरतं काय? मान खाली घालून बसायची सवय.) थेंब मला स्वतःला घालता येत नाहीत. हात थरथरतो, थेंब नाकावर पडतो, कानात जातो, एकदा तर चहात पडला. सूनबाईनं घातले असते, पण तिला ऑफिसनं नेमकं आत्ताच ट्रेनिंगला परगावी धाडलं. जाताना तिनं बाटली फ्रिजच्या दारात ठेवली आणि माझा डोळा तुझ्या भाच्याच्या स्वाधीन केला.

तुझा भाचा घरूनच काम करतो. टेबलावर दोन पडदे, एक ऑफिसचा आणि दुसरा कसला ते पुढे सांगतो. कानांवर हेडफोन असे चढवलेले, की जन्मतःच होते की काय असं वाटावं. तर दुसऱ्याच दिवशी सकाळी तो एकदम ओरडला, ‘बाबा, ड्रॉप्स आले!’ बेबी, मला भरून आलं. मी खुर्चीत मागे रेललो, मान वर केली, पापणी ताणून धरली आणि वाट पाहिली. थोड्या वेळानं तो म्हणाला, ‘मिळाले, मिळाले!’ डोळ्याला तर काहीच कळलं नव्हतं. मनात म्हटलं, औषधं सुधारली बरं का. पूर्वी डोळ्यात औषध पडलं की पूर्वज आठवायचे. मग मी कोरडा डोळा स्वच्छ कापसानं टिपला आणि ‘सुखी राहा’ म्हणालो. त्याला ते ऐकू गेलं नाही, पण आशीर्वादाला पोचपावती लागत नाही.

मग रोज तेच. तो ओरडायचा, मी मान वर करायचो. सूनबाईनं फोनवर विचारलं, ‘ड्रॉप्स?’ तो म्हणाला, ‘हो, सगळे मिळाले.’ तिनं मला विचारलं, मीही म्हणालो, ‘अगं, हाक मारून घालतो पोरगा!’ (स्वतःच्या मुलाची जाहिरात करायला बापाला कधी लाज वाटलीय?)

तपासणीच्या दिवशी डोळा लालबुंद. बाईंनी बाटली मागितली, झाकण फिरवलं, तर ‘कट्’ असा आवाज आला. सील तेव्हा तुटलं, बेबी! बाईंनी बाटली आम्हा दोघांपुढे धरली. मी म्हटलं, ‘अहो, रोज घालतो हा!’ तो म्हणाला, ‘मी? मी कधी?’ मग बाईंनी आम्हा बापलेकांना पाण्यात भिजवून पिळावं तसं पिळलं. डोळ्याला आतून सूज आहे, वाचेल की नाही ते पुढच्या तपासणीत कळेल म्हणाल्या.

उलगडा परतताना झाला. तो मला हाक मारतच नव्हता. हेडफोनमध्ये त्याचा एक मित्र असतो (जन्मात कधी भेटलेला नाही) आणि त्याला हा म्हणतो ‘भावा’. ‘भावा, ड्रॉप्स आले!’ म्हणजे त्या दिवसांत माझ्या कानांवर जेवढे ‘बाबा’ पडले, ते सगळे त्या भावाचे होते. मी उगाच मान वर करून बसलो होतो. याचा मला डोळ्यापेक्षा जास्त राग आला, खोटं कशाला सांगू?

आता ड्रॉप्स म्हणजे काय ते ऐक. दुसऱ्या पडद्यावर कुणीतरी अनोळखी माणूस लढाईचा गेम खेळत असतो. आपण खेळायचं नाही, त्याला खेळताना नुसतं बघायचं. तासन्‌तास बघितलं, की बिदागी म्हणून आपल्या चित्रातल्या शिपायाला फुकट कपडे मिळतात. तेच ड्रॉप्स. आधी टोपी, मग हातमोजे आणि शेवटी कोट. हो, कोट! ज्याच्या लग्नासाठी मी जीव ओतून कोट शिवला आणि तो अजून कपाटात पिशवी पांघरून लटकतोय (‘असे खांदे आता कुणी घालत नाही, बाबा’), तो माझा पोरगा चित्राच्या कोटासाठी नजर गहाण टाकून बसतो. कोटामुळे शिपायाला गोळी कमी लागते का, विचारलं. नाही म्हणाला. ऊब? नाही. मग? ‘भारी दिसतो.’

पश्चात्ताप झाला हो त्याला. दोन-तीन दिवस मोबाईलचा गजर लावून थेंब घातले. पण मग ऑफिसनं रोज यायचा हुकूम काढला. आता सकाळ-संध्याकाळचे थेंब तो घालतो, मधले माझ्या नाकावर पडतात. पहिल्या दिवशी निघताना तो माझ्या खुर्चीशी उकिडवा बसला, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘बाबा, तुम्ही नुसते बसूनच असता. एवढं चालू ठेवाल? कोट राहिलाय. मध्येच ते विचारतं, “अजून बघताय का?” तिथे “हो” दाबायचं. बक्षिसाची पेटी चमकली की तीही दाबायची.’ डॉक्टरीणबाईंनी पडदा बघायला सक्त मनाई केलीय. मी हो म्हटलं. गुडघ्यावरचा हात काढू नये म्हणून माणूस काहीही कबूल करतो. आणि ‘अजून बघताय का’ असं माझ्या डोळ्याला या घरात दुसरं विचारतं तरी कोण?

असो. काळजी करू नकोस. लोभ आहेच, गुडघे जप.

तुझा,
दादा

ता. क. — काळजी कर. येऊन मला घेऊन जा. मुलाचं घर असताना बहिणीच्या दारात कशाला, असं मी तोऱ्यात म्हणालो होतो, ते विसर. पिशवी भरून ठेवलीय. तुझा हात थरथरत नाही.

ता. क. २ — पण रविवारनंतर ये. कोट अर्ध्याच्या वर आलाय, आता सोडला तर सगळं फुकट जातं म्हणे.

ता. क. ३ — पाकीट चिकटवणार एवढ्यात ऑफिसातून त्याचा फोन आला. ‘बाबा, ड्रॉप्स आले का?’ या वेळी ‘बाबा’च होतं, मी पुन्हा म्हणायला लावून खात्री केली. कोट अजून पुरा झाला नव्हता, तरी मी म्हटलं, आले. ‘वा, बाबा!’ म्हणाला आणि फोन ठेवला. बाटली फ्रिजमध्येच आहे.