पात्रातली बेशरम

बाबा, रागावून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण राग यंदाचा आहे.

हिंगणीला आपल्या शेताजवळ नदी वळते तिथं तुम्ही कुंपण म्हणून बेशरमच्या, त्या कुठंही रुजणाऱ्या जांभळ्या फुलांच्या झुडपाच्या, फांद्या खोचल्या होत्या. शाळेतून येताना सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचात. जनावर तोंड लावत नाही, पाणी घालावं लागत नाही, असं कौतुकानं सांगायचात, आणि मास्तर सांगतात म्हणून लोक माना डोलवायचे. काही पावसाळ्यांतच ती काठावरून पात्रात उतरली. नदीच्या वरच्या अंगाला राहणारे शेजारचे काका आपल्या अंगणात आले होते, तो दिवस मला अजून दिसतो. उभ्याउभ्याच ते म्हणतात, "मास्तर, पात्रातली बेशरम काढा ना. पानी माह्या दारापर्यंत येऊन राह्यलं." आणि तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणता, पाणी आपली वाट काढतं.

काढली वाट. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी पूर त्या झाडीला अडला, मागं फुगला आणि काकांच्या घरातून गेला. काका हे बघायला नव्हते, ते आधीच गेले. काकूंच्या डोळ्यांदेखत मागची भिंत बसली. मी बोरगाव मेघेहून धावत गेले, तर त्यांनी बसही म्हटलं नाही. "तुह्या बापाले माह्या मालकानं हात जोडून सांगतलं होतं," एवढंच बोलल्या. पाण्याचा वेग मंदावला की गाळ बसतो, गाळ बसला की पात्र उथळ होतं, हे फळ्यावर नदी काढून तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. माहीत नसतं तर माफ केलं असतं. तुम्हाला माहीत होतं, बाबा. आपण लावलेलं चुकलं, हे शेजाऱ्यासमोर म्हणवलं नाही, इतकंच.

पाणी ओसरल्यावर मी माणसं लावून पात्रातली बेशरम मुळासकट काढली. तुकडे वाहून जाऊन पुन्हा रुजू नयेत म्हणून लांब उन्हात टाकले. काठावरचं लव्हाळं मात्र राखलं. ते पुरात वाकतं, पण माती सोडत नाही. त्यानंतर आलेल्या मोठ्या पावसात पाणी न अडता निघून गेलं. काकू दारात उभ्या राहून ते पाहत होत्या. भिंत बांधून देते म्हटलं, तर नको म्हणाल्या. गावात अजून तुमचं नाव आदरानं निघतं आणि ते ऐकताना माझे दात आवळले जातात.

हा कागद कुठं धाडायचा नाही. आणि खरं सांगू? तुम्ही असता, तर यातलं एक वाक्यही माझ्या तोंडून निघालं नसतं. चहा ठेवू का, एवढंच विचारलं असतं.