कासव बोललं

दादा,

तुझ्या कार्टून मालिकेचा शेवटचा भाग काल आईशेजारी बसून पाहिला. आधीचे सगळे भाग किती सुंदर केलेस तू. बाबांनी आवाज दिलेलं ते म्हातारं कासव तर थेट बाबाच होतं, हेकट, तुसडं आणि तरी हवंहवंसं. शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग व्हायच्या आधीच बाबा गेले, तेव्हा तू म्हणाला होतास, "आता कासव शेवटी काही बोलणार नाही."

आणि काल ते बोललं. बाबांच्याच आवाजात पिल्लाला म्हणालं, "चुकलं माझं. मला माफ कर."

माझ्या हातातला पेला हातातच राहिला. बाबांनी जन्मात कुणाची माफी मागितली नाही. आवाज त्यांचा, खाकरणंही त्यांचं, पण शब्द तू आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्राकडून वदवून घेतलेस. तुला ते ऐकायचं होतं, हे कळतं मला. पण इतकं खरं उभं केलेलं माणूस शेवटी असं गुळमुळीत का केलंस?

तेवढ्यात आई म्हणाली, "हे कधी बोलले गं ते?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दवाखान्यात. दादाने तिथेच रेकॉर्ड केलं."

"मनात होतंच त्यांच्या," ती म्हणाली. "पुन्हा लाव."

हे पत्र आईच्या हाती लागायला नको, म्हणून फाडून टाकते. तुला फोनवर एवढंच सांगेन, की तिने विचारलं तर दवाखान्यातच म्हण.

तुझी,
ठकी