पुठ्ठ्याच्या प्रसूतिगृहाची पूजा

चौल, ता. २६ मार्च १९६१, रविवार

ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. पुठ्ठे, ब्लेडं, पट्ट्या, टाचण्या. इंदू काल मुंबईहून आली, आता १६ तारखेपर्यंत इथेच. वसतिगृहाच्या खोलीत चौघी मुली, तिथे एवढं मॉडेल मांडणार कुठे? आर्किटेक्टचं शेवटचं वर्ष. विषय तिने स्वतः घेतला आहे, आपल्या गावासाठी आठ खाटांचं प्रसूतिगृह. पाव इंच म्हणजे एक फूट. दार माझ्या अर्ध्या बोटाएवढं.

१७ तारखेला परीक्षक बघणार. नुसते नकाशे चालत नाहीत, मॉडेल पुढ्यात हवं, नाहीतर नापास. नापास म्हणजे शिष्यवृत्ती बंद, आणि मग शिक्षण तिथेच राहिलं.

बारीक तुकडे धरायला यांचा दवाखान्यातला चिमटा काढून दिला. कंपाउंडरची पेटी, उघडली की आयोडीनचा वास अजून येतो. लगेच मिटली.

ता. २९ मार्च

छपराचं अडलं होतं. पुठ्ठा वाकवला की मोडतो. पोफळीच्या बुडातून विऱ्या वेचून आणल्या. झावळीच्या देठाची ती रुंद साल, भिजवली की चामड्यासारखी वाकते. पाट्याखाली दाबून ठेवल्या. आज काढल्या तर हव्या तशा बसल्या. इं. म्हणाली, "आई, तुला कॉलेजात घ्यायला हवं." म्हटलं, आधी मला चौथी पास करा.

नकाशा समजावून घेतला. मला छापील सगळं वाचता येतं, वाण्याच्या पुड्यांवरच शिकले, पण नकाशा वाचायला वेगळे डोळे लागतात. मागे लांबलचक पडवी आहे. विचारलं, ही कशाला? तर म्हणाली, बाळंतिणीची आई बसेल कुठे? पेज कुठे करील? "आईला फाटकाबाहेर ठेवलं तर मुलगी येणारच नाही इथे."

हे तिला कॉलेजात शिकवलेलं नाही.

ता. २ एप्रिल, रविवार

छप्पर चढलं. आळीतल्या बायका बघायला आल्या. घोसाळ्याच्या जाळीची झाडं सगळ्यांना फार आवडली. शेजारची भिमाआजी कमरेत वाकून दारातून आत बघत म्हणाली, "एवढ्याशा घरात कोण गो बाळंत व्हनार? मांजर?" इं. हसून हसून खाली बसली. पुष्कळ दिवसांनी घरात असा आवाज झाला. हे असते तर... असो.

ता. ५ एप्रिल

सरपंच दामूशेठ आले. वहाणा न काढता ओटीवर. मॉडेलाभोवती फिरले, वाकले, हूं हूं केलं. "वहिनी, गावाचं नाव काढलंत!" शनिवारी जिल्ह्याचे कोणी बडे पाहुणे येणार आहेत, त्यांना दाखवायला हवं आहे. प्रसूतिगृह मंजूर करून घेऊ म्हणतात. "शनिवारी नेतो, रविवारी सकाळी तुमच्या ओटीवर."

माझ्या मनात नव्हतं. इं.चे डोळे चमकले. खरंच बांधतील, आई! मी काय बोलणार?

ता. ८ एप्रिल, शनिवार



पाहुण्यांच्या हस्ते भूमिपूजन व्हायचं होतं. जागा दोन भावांच्या भांडणात अडकलेली, तिथे कुदळ कशी मारणार? पाहुणे तर आलेले, भटजी आलेले, फोटोवाला अलिबागहून आलेला. तेव्हा दामूशेठांनी डोकं चालवलं. जमीन नाही ना, मग मॉडेलाचीच पूजा! पंचायतीच्या खोलीत चौरंगावर ठेवलं, चार कोपऱ्यांना केळीचे खुंट, पुढे कलश. पुठ्ठ्याच्या घराला वास्तुपुरुषाचं आवाहन.

मी इं.बरोबर गेले. दारात दामूशेठांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, अडवलं. "वहिनी, तुम्ही जरा बाहेरच बसा हं. शुभकार्य आहे. रागावू नका."

बाहेर बसले. वहाणांच्या शेजारी. जे छप्पर मी वाकवलं त्याच्यावर दुसऱ्यांनी हळदकुंकू वाहिलं आणि मी खिडकीतून बघितलं. मॉडेलाच्या पायरीशी नारळ फोडला, पुढचा कठडा चेपला. पाणी शिंपडलं. पुठ्ठ्यावर पाणी! इं. "अहो, नको, नको" करत पुढे झाली तर तिला हाताने मागे सारलं.

भाषणात दामूशेठ म्हणाले, "आमच्या पंचायतीने हे करवून घेतलं आहे." मुलीचं नाव एकदाही नाही. ती तिथे तीन हातांवर उभी होती.

ता. ९ एप्रिल, रविवार

सकाळी वाट पाहिली. दुपारी पंचायतीचा शिपाई रामा आला, हात हलवत.

"काकी, शेठ बोलतान, आता ता हलवाचा न्हाय. पूजा झाली ना."

"म्हणजे?"

"म्हंजे इमारत उभी ऱ्हाईपर्यंत न्हाय."

इमारत! ज्या जागेवर अजून खुंटी ठोकलेली नाही, तिथली इमारत!

तशीच उठून दामूशेठांकडे गेले. झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "वहिनी, श्रद्धेचा प्रश्न आहे. गावाच्या अंगावर येईल." मी म्हटलं, मुलीचं वर्ष जाईल ते कोणाच्या अंगावर येईल? तर म्हणतात, "मुलीचं काय, आज ना उद्या लग्न होईल. आणि मुंबईच्या साहेबांना फोटो दाखवा की. आम्ही काढलाय."

सकाळीच अलिबागहून आलेला फोटो पुढे केला. त्यात दामूशेठ आहेत, पाहुणे आहेत. मॉडेलाचा एक कोपरा दिसतो, तोही हाराखाली.

ता. ११ एप्रिल

भटजींकडे गेले. अंगणातच उभी राहिले. विचारलं, "गणपतीची प्राणप्रतिष्ठा करतात, तो दीड दिवसात उचलतात की नाही?"

"उचलतात."

"कसा?"

"उत्तरपूजा करून. अक्षता टाकून जागेवरून हलवायचा."

"मग ह्याची करा."

भटजींनी पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "यजमानाने करायची असते, वहिनी. यजमान दामूशेठ. ते बसायला तयार नाहीत. पाहुणे वरच्या लोकांना घेऊन परत येणार म्हणतात, तोवर त्यांना ते तिथेच हवं आहे." मग हळूच, "मला ह्याच गावात राहायचं आहे."

म्हणजे शास्त्र आड येत नाही. दामूशेठांची मिरवायची हौस आड येते. शास्त्राच्या नावाखाली मुलीचं काम कोंडून ठेवलं आहे. आणि तिथे यमुनाबाई रोज सकाळी फुलं वाहतात म्हणे! पुठ्ठ्याला!

ता. १२ एप्रिल

इं.ने दुसरं करायला घेतलं. विऱ्या सुकायलाच तीन दिवस जातात. ब्लेडने अंगठा कापला, रक्त पुठ्ठ्यावर. रडली नाही. तो पुठ्ठा टराटरा फाडला आणि तोंडावर पदर घेऊन पडून राहिली. जेवली नाही.

मला ह्यांची फार आठवण झाली. हे कोणाशी भांडले नसते. पण ह्यांच्यापुढे कोणी असं बोललंही नसतं. बाई एकटी आहे हे दामूशेठांना ठाऊक आहे, त्याच जोरावर झोपाळा हलतो आहे.

ता. १४ एप्रिल, शुक्रवार

आज केलं.

सकाळी पंचायतीत गेले. दामूशेठ होते, यमुनाबाई फुलं वाहत होत्या, भटजी मंत्रपुष्प म्हणत होते. इं. माझ्या मागे. मला वाटतं तिला कल्पना नव्हती.

उंबरा ओलांडला. कोणी काही म्हणायच्या आत चौरंगापाशी जाऊन दोन्ही हात छपरावर ठेवले. नुसते ठेवले. दाबले नाहीत.

यमुनाबाई ओरडल्या, "अगोबाई! हे काय केलंत!"

"हात लावला."

"अहो, पुजलेली वास्तू! तुम्ही... तुम्हाला कळत नाही?"

"कळतं की. त्या दिवशी बाहेर बसवलंत ना, तेव्हाच कळलं. मी हात लावला म्हणजे अपशकुन झाला, नाही का? मग ही आता इथे कशाला ठेवता?"

दामूशेठांनी भटजींकडे बघितलं. भटजी जमिनीकडे बघत म्हणाले, "ही आता ठेवता यायची नाही. जागा शुद्ध करून पुढे नवीन मांडावं लागेल." एवढं बोलले. त्याबद्दल त्यांचे उपकार.

दामूशेठ कडाडले, "न्या! न्या ते डोळ्यांपुढून!"

रामा उचलू लागायला आला आणि यमुनाबाईंचं तोंड बघून मागे झाला. मग आम्ही दोघींनीच उचललं. हार काढून चौरंगावर ठेवला.

देवळाच्या वळणावर इं. म्हणाली, "आई, तू भर पंचायतीत स्वतःला अपशकुनी म्हणवून घेतलंस."

म्हटलं, सात वर्षं म्हणतातच आहेत. आज पहिल्यांदा कामाला आलं.

"मला असं नको होतं सोडवायला. मला विचारायचंस तरी." चिडली होती. मीही चिडले. तुझ्यासाठीच केलं ना! दोन बाजूंना दोघी, मधे मॉडेल, भांडत घरी आलो. ठेवताही येईना, टाकताही येईना.

ता. १५ एप्रिल

दुरुस्ती. कठडा नवा केला. पाण्याने एक भिंत फुगली होती ती बदलली. कुंकू मात्र निघत नाही, विरीत मुरलं आहे. ओल्या फडक्याने पुसलं तर पसरतं. इं. म्हणाली, राहू दे. कालपासून कामापुरतंच बोलते.

ता. १६ एप्रिल, रविवार

रेवसला पोचवून आले. कंडक्टर टपावर टाका म्हणत होता. मी म्हटलं, मलाच टाक टपावर, हे मांडीवर राहील. मग त्याने तिकीट फाडलं. धक्क्यावर लाँच खालीवर होत होती, खलाशाने लहान मूल घ्यावं तसं दोन्ही हातांनी घेतलं. इं.ने वाकून नमस्कार केला. काही बोलेल असं वाटलं. भोंगा झाला.

ता. २० एप्रिल

भिमाआजीचा मुलगा मुंबईहून आला, त्याच्याकडून इं.चा निरोप. मॉडेल धड पोचलं. परीक्षकांनी छपरावरचे लाल डाग कसले विचारलं, तिने सगळं सांगितलं. एक साहेब मोठ्याने हसले. दुसरे हसले नाहीत. वाकून मागची पडवी बघत बसले आणि ती कशासाठी ते विचारलं. निकाल जूनमध्ये. मॉडेल त्याआधी परत मिळेल, तोवर ती वसतिगृहातच.

त्या हसणाऱ्या साहेबांना काय सांगावं? त्यांना वहाणांपाशी कोणी बसवलेलं नाही.

ता. २७ एप्रिल

विहिरीवर एक पोर कळशी उचलता उचलता म्हणाली, "काकी, तुमच्यामुलं आपला प्रसूतिगृह गेला म्हनतात." पाच महिन्यांची गरोदर आहे. तिच्यावर काय रागवायचं? ज्यांनी तिच्या कानात घातलं त्यांच्यावर रागवते. जागेचा वाद भावांचा, मंजुरी कागदावरसुद्धा नाही, आणि प्रसूतिगृह घालवलं मी! माझ्या दोन हातांनी!

घरी येऊन भात चढवला आणि विसरले. करपला.

ता. ५ मे

रामा आला. पाहुणे महिनाअखेरीला परत येताहेत, मुंबईचे कोणी मोठे साहेब बरोबर. दामूशेठांना मॉडेल हवं आहे. "जागा शुद्ध केलीय. पूजा नवीन करनार, शेठ बोलतान."

ऐकून आधी हसूच आलं. मग जो संताप आला! माझा हात लागलेलं चालतं आता? गरज पडली की चालतं?

रामाला म्हटलं, शेठना सांग. एक, इंदूचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत फळीवर, मॉडेलापुढे. दोन, पूजेला मी पुढे बसणार. पहिल्या रांगेत.

रामाने टोपी काढून डोकं खाजवलं. "काकी, शेठ मानायचे न्हाईत."

"विचार तर."

"विचारतंय."

ता. ६ मे

रामा उत्तर घेऊन आला. नाव लावतील. फळी रंगवायलासुद्धा टाकली म्हणे. पुढे बसायचं मात्र जमणार नाही, बायका उठून जातील.

मी ताडकन म्हटलं, "मग नाही." रामा उठला नाही. म्हणाला, "काकी, मागल्या वेलेस मी मागं झालो, ता चुकलाच माजा. पन ह्या वेलेस जरा इचार करा. पोरीचा नाव लागतंय. गावाला दवाखाना व्हतंय." आणि ओटीवर बसून राहिला.

चहा दिला, दुसराही दिला. आत येऊन हे लिहिते आहे.

नाही म्हटलं ते माझ्यासाठी म्हटलं. मॉडेल इं.चं, फळीवरचं नाव इं.चं. तिला विचारलं तर ती काय म्हणेल ते माहीत आहे: तू बाहेर बसणार असशील तर मुळीच नको. आणि मग तिचं नाव माझ्यापायी राहील. न विचारता हो म्हटलं तर मी आपणहून जाऊन वहाणांपाशी बसायचं. न विचारता नाही म्हटलं तर परत तेच, मला विचारायचंस तरी.

रामा खाकरतो आहे. परवा सकाळी ये म्हणून सांगते. तोवर मुंबईला जाऊन इं.ला विचारून येता येईल. उद्या रेवसहून पहिली लाँच मिळाली तर वसतिगृहाच्या दारात दहापर्यंत पोचेन.