पाऊस अडवून घाम सोडणारं कापड

आई,

आज दुकानात एक बाई कापड घेऊन आली. पावसाळी जाकीट शिवून द्याल का, म्हणाली. मी नाही म्हटलं आणि ती गेल्यावर मशीनपाशी नुसती बसून राहिले. तुझ्यासाठी शिवलं, त्यानंतर तसलं जाकीट मी शिवलेलंच नाही.

तू घोडेगावच्या वर, डोंगरातल्या वाड्यांवर नर्स होतीस. आषाढात चिखल तुडवत बाळंतिणींपाशी पोचायचीस. तुझा प्लास्टिकचा रेनकोट पाणी अडवायचा, पण चढावर घाम आतच कोंडायचा. शनिवारी उतरून कळंबला घरी आलीस की ब्लाउज पिळून निघेल इतका ओला. "बाहेरून कोरडी अन् आतून भिजलेली," म्हणायचीस आणि खोकायचीस. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं ती. दिवाळीनंतरही खोकला थांबेना, तेव्हा मी ठरवूनच टाकलं की हा त्या ओलीचा खोकला आहे, आणि मला तर शिवता येतं.

छत्रीचं कापड आणलं, ते झिरपलं. ताडपत्रीसारखं आणलं, त्यातून वाराही जाईना. शेवटी पुण्यात, परदेशी जाकिटांचं उरलंसुरलं कापड विकणाऱ्या म्हाताऱ्या दुकानदाराने एक निळा तुकडा पुढं टाकला. आतून पातळ पांढरा थर. "पाणी आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते," म्हणाला. मी म्हटलं, दाखवा. त्याने गरम चहाच्या कपावर कापड ताणलं आणि वर काचेचा ग्लास पालथा धरला. काच धुरकटली. मग कापडाची झोळी करून तीत पाणी ओतलं. खाली थेंब नाही. मला तिथंच रडू आलं असतं, इतका आनंद झाला.

पण सुई जिथं जाते तिथं भोक पडतं. म्हणून प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवली, सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून. उन्हाळाभर हेच चाललं, आणि शनिवारी घरी आलीस की तू पलंगावरून बघायचीस. "लई कष्ट घेतीस गं. मी काय लग्नाला चाललेय व्हय?" "गप बस, हात वर कर," मी म्हटलं. टेप गुंडाळली तर छाती आधीच्या मापापेक्षा बरीच कमी भरली. मी माप लिहून घेतलं आणि मशीन सुरू केलं.

त्या पावसाळ्यातला एक शनिवार. बाहेर धो धो कोसळतोय. तू दारात उभी राहून चेन उघडतेस, ब्लाउजवरून हात फिरवतेस. "कोरडं हाय गं. आतूनबी कोरडं." आणि मग भिंतीला धरून खोकत राहतेस, पदरावर रक्त येईपर्यंत.

मंचरला छातीचा फोटो काढला, तिथून पुण्याला नेलं. फुफ्फुसात गाठ होती, बरीच वाढलेली. मी डॉक्टरांना विचारलं, भिजल्यामुळे झालं का? "भिजण्याचा काही संबंध नाही," ते म्हणाले. दसऱ्याच्या आत तू गेलीस. वाडीवर कुणी पंधरा दिवस खोकलं तरी त्याला तपासणीला पिटाळणारी तू, स्वतः कधी गेली नाहीस. आणि मी कापडं पारखत बसले.

जाकीट अजून आहे. आतला थर सुटत चाललाय, हात लावला की पांढरा चुरा पडतो. नवं करावंसं वाटत नाही. कुणासाठी करू?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. ते जाकीट आठवड्याभरात झालं असतं. मशीन चालू असलं की तुझा खोकला ऐकू येत नसे, म्हणून मी ते इतके दिवस शिवत राहिले.