कांदा निघेपर्यंत थांबायचे नाही

चि. सौ. निर्मला हिला,

खोडदहून थोरल्या नणंदेचे आशीर्वाद. गाय सुखरूप व्याली असावी आणि माझ्या भावाचा, दादाभाऊचा, खोकला थांबला असावा. (विड्या थांबल्या नसतील, तर खोकल्याची चौकशी मागे घेते.)

पत्र लिहिते, कारण फोनवर मी गाठीचे नाव काढले की महाळुंगे पडवळची रेंज जाते. आमच्या गावच्या रेडिओ दुर्बिणीला ताऱ्यांचे ऐकू येते, मला भावजयीचे येत नाही. तुझ्या डाव्या स्तनात गाठ लागली त्याला तीन आठवडे झाले. कांदा निघाला की दाखवीन, तोवर ह्यांना सांगू नका, म्हणालीस. सांगणार नाही, हे मी कबूल केले. थांबणे मात्र मला मान्य नाही.

ज्या वर्गात ती गाठ तुझ्या हाताला लागली, तो भरवताना माझे काय हाल झाले, ते तुला ठाऊक असले तरी पुन्हा लिहिते. बायकांनी आपले स्तन आपल्या हातांनी तपासायला शिकावे, एवढेच काम. पुरुषांना सुगावा नको म्हणून आधी हळदीकुंकू आहे असे कळवले. तरण्या सुना आल्या, वाण घेऊन गेल्या. आणि वयस्क, विधवा बायका, ज्यांना शिकण्याची सर्वांत गरज, त्या घरीच बसल्या. त्यांना हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही, हे मी बी.ए. होऊन विसरले. दुसऱ्यांदा भजन म्हणून सांगितले, तर अख्खे भजनी मंडळ हजर! रामदास पखवाज गळ्यात अडकवून विचारतो, "ताई, पयला अभंग कंचा?" आरोग्यसेविका मंगल शिकवायचा कापडी नमुना पदराखाली लपवून उभी. (चहा पाजून त्यांना वाटेला लावले. दोन अभंग झालेच.) तिसऱ्यांदा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून मी खरे नाव घेतले. शिपाई गोकुळने घाबरून माईक बंद केला, पण शब्द गावभर पोचला होता. त्या दिवशी ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

"दुखत न्हाई, तर चाचपायचं कशाला?" बायडाबाई म्हणाली. "आन् घावलं म्हंजे?" ठकूबाई म्हणाली, "न घावलेलं बरं." मी विचारले, गाईच्या सडाला गाठ लागली तर सांजेच्या आत डॉक्टर बोलावता की नाही? त्यावर बायडाबाई म्हणाली, "गाय दूध देती, बाई. आमी काय देतो?" सगळ्या खो खो हसल्या. आमच्याकडे पाहुणी आलेली तूही हसलीस. मग मंगलने तीन बोटांच्या पेरांनी, गोल गोल, पार काखेपर्यंत कसे तपासायचे ते दाखवले, एकेक जण पडद्यामागे जाऊन आली, आणि तू बाहेर आलीस ती मला बाजूला नेऊन कांद्याचे बोलू लागलीस.

मंगल म्हणते, बहुतेक गाठी साध्या निघतात. तुझीही निघेल. पण ते डॉक्टरीणबाईंनी ठरवायचे, तू नाही आणि मीही नाही. मंगळवारी सकाळी नारायणगावात त्यांच्या दवाखान्यात तुझे नाव लावले आहे.

तुझी,
प्रयागताई

ता. क. दादाभाऊ, घरात कुणाच्याही नावाचे पाकीट आले की आधी तूच फोडतोस, हे मला तुझ्या लहानपणापासून माहीत आहे. आता वाचलेच आहेस, तर मंगळवारी जीप काढ, आणि वाटेत तिला एका शब्दाने बोलू नकोस. कांद्याच्या मजुरांवर त्या दिवशी मी उभी राहते.

पुन्हा ता. क. निर्मला, मी त्याला काहीही सांगितलेले नाही. पत्र तुझ्याच नावाचे आहे.